पंचेचाळिसावा दिवस

माझ्या गाडीच्या डिकीत कायम एक दोनशे पानी वही असते. टीबीच्या पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर सगळी माहिती भरलेली असते, मोबाईलवर कधीही उघडता येते, तरी ही वही मी सोडलेली नाही. आमच्या टीबी युनिटमधल्या प्रत्येक पेशंटची त्यात एक ओळ असते. गोळ्या चालू झाल्या की ती ओळ निळ्या शाईने लिहायची, कोर्स पूर्ण झाला की पुढे हिरवी खूण करायची. पेशंट दगावला तर तीच ओळ मागच्या पानांवर लाल शाईने पुन्हा लिहायची. आज त्या लाल ओळींबद्दल लिहितोय.

मी एसटीएस आहे, म्हणजे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक. नाव भारदस्त आहे, पण काम सगळं फिरतीचं. बालाघाटच्या डोंगरातला आमचा तालुका, लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. कुणाचा बेडका तपासायचा राहिला, कुणाच्या गोळ्या संपल्या, कोण आठ दिवस उपकेंद्रावर फिरकलंच नाही, हे बघत वाड्यावस्त्या आणि तांडे पालथे घालायचे.

सुरुवातीला मला वाटायचं की मोजणी हा वरच्या ऑफिसातल्यांचा विषय. आता तसं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२४ सालचा भारताचा अंदाज आहे एक लाख लोकांमागे १८७ नवे रुग्ण आणि २१ मृत्यू. २०१५ साली हेच आकडे २३७ आणि २८ होते. म्हणजे खाली आलोय, हे खरं. आता १८७ आणि २१ हे आकडे माझ्या दोन लाखांना लावले, तर वर्षाला पावणेचारशे रुग्ण आणि बेचाळीस मृत्यू होतात. आमच्या तालुक्याचा खरा आकडा हाच असेल असं नाही, पण मोजपट्टी म्हणून तो मी मनाशी धरून ठेवतो. वर्षाअखेरीला लाल ओळी त्याहून फारच कमी भरल्या, तर आनंद मानायच्या आधी मला दुसरीच शंका येते, की माणसं माझ्या वहीबाहेर मरतायत का? २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. त्यात लक्षणं असलेल्या लोकांपैकी ६४ टक्के कुठेच दाखवायला गेले नव्हते. खोकला आहे, ताप येतो, अंग उतरलंय, आणि माणूस घरीच. त्यातलं कुणी गेलं तर त्याची ओळ कोण लिहिणार?

ज्या ओळीने मला हे शिकवलं, तिची गोष्ट सांगतो. नाव, गाव, कारखाना काही सांगणार नाही.

ऊसतोड कामगार होते. वय अडतीस. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आशाताईंनी त्यांना केंद्रावर आणलं. दोन महिन्यांचा खोकला होता, रात्री अंगाला घाम यायचा. बेडका ट्रूनॅटवर लावला. हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं, तालुक्याच्या ठिकाणी चालतं, तासाभरात सांगतं. टीबी निघाला. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देणारा होता, म्हणजे साधा सहा महिन्यांचा कोर्स. घटस्थापनेच्या दिवशी, २६ सप्टेंबरला, गोळ्या चालू केल्या.

वजन मीच घेतलं, त्यांच्या घरी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वजनकाटा डुगडुगतो आणि आकडा चुकतो, म्हणून मी डिकीत प्लायवूडची एक फळी ठेवतो. ती फळी टाकली, वर काटा ठेवला. ते भिंतीला हात लावून उठले आणि काट्यावर उभे राहतानाही त्यांनी बायकोच्या खांद्याला धरलं होतं. मी म्हटलं, "दादा, हात सोडा, नाहीतर वजन बरोबर येत नाही." त्यांनी हात सोडला. काटा ३७ वर थांबला. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या गटाला रोज तीन गोळ्या. कार्डावर तीन लिहिलं, उपाशीपोटी तिन्ही एकदम घ्यायच्या ते समजावलं, बँकेच्या पासबुकाचा फोटो घेतला. निक्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला पाचशे मिळायचे. (१ नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले.) आणि पुढच्या घरी गेलो.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला कोयता जायलाच हवा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण आजारी म्हणून मागे राहिला तर अर्धा कोयता राहतो आणि उचल अंगावर बसते. मी त्यांना नका जाऊ म्हटलं होतं. ते म्हणाले, "सर, गोळ्या द्या महिनाभराच्या, तिकडं बी खातो की." गोळ्या दिल्या. कुठल्या कारखान्याला जाणार ते विचारलं आणि तिथल्या तालुक्याला निक्षयवरून ट्रान्सफर टाकला.

तिकडच्या माणसाचा दहा-बारा दिवसांनी फोन आला की असा पेशंट इथल्या कुठल्याच टोळीत नाही. नंतर कळलं, ऐनवेळी टोळी दुसऱ्याच कारखान्याला वळली होती. पेशंटचा फोन बंद लागत होता. घरी म्हातारी आई होती, तिला कारखान्याचं नाव सांगता येईना. मी दोन-तीनदा गेलो, मग इतर कामं आली. डिसेंबर संपता संपता पोर्टलवर आउटकम टाकला, लॉस्ट टू फॉलोअप. वहीतल्या निळ्या ओळीपुढे लिहिलं, 'पत्ता नाही'.

कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि एप्रिलमध्ये माणसं परत आली. अक्षय तृतीयेच्या आधी मी त्या वस्तीवर दुसऱ्याच कामाने गेलो होतो. म्हटलं, बघू आलेत का. दारात त्यांची बायको धान्य निवडत बसली होती. कपाळ मोकळं होतं. मला काही विचारायची गरजच उरली नाही. मी तसाच उभा राहिलो.

तीच म्हणाली, "बसा सायेब. ते गेले की. तिकडंच गेले, कोपीत."

कधी, म्हणून विचारलं तर तिला तारीख सांगता येईना. ऊस तोडणारा माणूस तारीख कॅलेंडर बघून नाही, सणवार आठवून सांगतो, हे या कामात कळलंय. म्हटलं, दिवाळीनंतर किती दिवसांनी? म्हणाली, "गिराण झालं न, त्याच्या दुसऱ्या दिशी." आता त्या साली दिवाळीच्या सुमाराला दोन ग्रहणं झाली होती. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्याचं आणि त्रिपुरी पौर्णिमेला चंद्राचं. "सूर्याचं का चंद्राचं?" "पुनवंचं." म्हणजे ८ नोव्हेंबरचं ग्रहण आणि मृत्यू ९ नोव्हेंबरचा, बुधवार. तिथेच बसून बोटांवर मोजलं. सप्टेंबरचे पाच, ऑक्टोबरचे एकतीस, नोव्हेंबरचे नऊ. उपचाराचा पंचेचाळिसावा दिवस.

म्हणजे तिकडून 'पेशंट सापडत नाही' असा फोन आला तेव्हा, आणि मी बंद फोनवर फोन लावत होतो तेव्हा, ते गेलेले होते. डिसेंबरमध्ये मी ज्याला 'पत्ता नाही' म्हटलं त्यांना जाऊन दीड महिना उलटला होता.

'लॉस्ट' आणि 'मयत' हे पोर्टलवर एकाच यादीतले दोन पर्याय आहेत, एकाखाली एक. पण 'लॉस्ट' लिहिलं की दोष पेशंटकडे जातो, त्याने गोळ्या सोडल्या, तो निघून गेला. या माणसाने गोळ्या सोडल्या नव्हत्या. बायकोने पत्र्याच्या पेटीतून पाकीट काढून दाखवलं. शेवटच्या दिवसापर्यंतच्या गोळ्या संपलेल्या, पुढच्या तशाच. रिकाम्या खळग्यांवरून मी बोट फिरवून मोजले. एकही दिवस चुकलेला नव्हता.

आणि 'लॉस्ट' लिहिलं म्हणजे त्या घराकडे पुन्हा जायची निकड संपली. चार वर्षांची मुलगी त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, झोपत होती. एप्रिलमध्ये तिच्या मानेला गाठी आल्या होत्या. आजी म्हणत होती, गंडमाळ आहे, लेप लावतोय. गाठीतलं पाणी तपासलं, टीबीच होता. तिचे सहा महिने पूर्ण झाले, आता ती शाळेत जाते. घरातल्या बाकीच्यांचे एक्स-रे काढले, त्यांना प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या. हे सगळं नोव्हेंबरातच व्हायला हवं होतं.

त्या रात्री घरी आल्यावर वही उघडून त्यांची निळी ओळ बघत बसलो. वजन ३७. उंची पाच फूट पाच इंच. दोन्ही मीच लिहिलेलं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं तर बीएमआय येतो साडेतेरा-पावणेचौदा. तामिळनाडूने एप्रिल २०२२ पासून एक साधी पद्धत चालू केलीय. टीबी निघाला की आरोग्य कर्मचाऱ्यानेच तिथल्या तिथे बघायचं, बीएमआय १४ च्या खाली आहे का, ऑक्सिजन ९४ च्या खाली आहे का, धाप किती लागते, बीएमआय १६ पर्यंत असून पायांवर सूज आहे का, आधाराशिवाय उभं राहता येतं का. यातलं एक जरी असलं तरी त्या माणसाला दवाखान्यात दाखल करायच्या मार्गाला लावायचं, घरी गोळ्या देऊन सोडायचं नाही. टीबीचे बरेचसे मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात. गोळ्या जंतू मारतात, पण अंगात काही उरलेलंच नसेल तर माणूस तेवढा टिकत नाही.

मी वजन घेतलं होतं ते गोळ्या तीन द्यायच्या का चार, एवढंच ठरवायला. हा माणूस वाचेल का, हे त्याच आकड्यात लिहिलेलं होतं. भिंतीला धरून उठणारा, बायकोच्या खांद्याचा आधार घेणारा माणूस माझ्यासमोर होता, आणि मी त्याला म्हटलं, हात सोडा. ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

तेव्हापासून वहीचे रकाने बदलले. नावापुढे वजन, बीएमआय, बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजन, पायांवर सूज, 'आपलं आपण उठतो का'. दसऱ्याच्या आधी सगळ्या चालू पेशंटना विचारून घेतो, कुठला कारखाना, मुकादमाचं नाव, मुकादमाचा नंबर, टोळीतल्या आणखी एकाचा नंबर. वजन दोन महिन्यांत वाढतंय का, यावर माझा सगळा जीव असतो. झारखंडमध्ये भार्गव डॉक्टर दांपत्याने केलेलं काम २०२३ साली प्रसिद्ध झालं. टीबीच्या पेशंटच्या घरी सगळ्यांना धान्य, डाळ दिल्यावर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्या मृत्यूचा धोकाही बराच उतरला. ते वाचल्यावर मी सरपंचांकडे, दूध डेअरीवाल्यांकडे, पतसंस्थेकडे निक्षय मित्र व्हा म्हणून जास्त निर्लज्जपणे मागायला लागलो. शेंगदाणे, डाळ, तेल, अंडी, जे मिळेल ते.

लाल पानांवरचे रकाने वेगळे आहेत. कितव्या दिवशी, कुठे, कोण जवळ होतं, शेवटच्या आठवड्यात काय होत होतं, आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत काय लिहिलंय. हा शेवटचा रकाना भरायला मी दर तिमाहीला ग्रामसेवकांकडे जाऊन बसतो. आमच्या पोर्टलवर आणि ग्रामपंचायतीच्या वहीत एकच माणूस वेगवेगळ्या कारणाने मेलेला असतो. आमचा नियम असा, की उपचार चालू असताना कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी आउटकम 'मयत'. एक पेशंट पाचव्या महिन्यात ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तोही आमच्याकडे टीबीच्या मृत्यूंत धरलेला आहे. उलट घरी वारलेल्या माणसाच्या नावापुढे गावच्या वहीत 'दम', 'आजारपण', 'वृद्धापकाळ'. बावन्न वर्षांच्या बाईपुढे मी 'वृद्धापकाळ' वाचलंय. एचआयव्ही असलेला टीबीचा पेशंट गेला तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो एचआयव्हीच्या खात्यात जातो. त्यामुळे दोन्ही वह्या शेजारी ठेवून बोट लावून एकेक नाव जुळवल्याशिवाय गावात टीबीने किती गेले हे कळत नाही. आणि जे नाव गावच्या वहीत 'खोकला, दम' म्हणून आहे पण माझ्याकडे कधी आलंच नाही, त्या घरी मी दहाव्या-तेराव्यानंतर जातो. घरच्यांचा बेडका घेतो. अशा घरांत मला पेशंट सापडलेले आहेत.

१८८२ साली २४ मार्चला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला, म्हणून आपण दर वर्षी रॅली काढतो, शाळेत चित्रकला स्पर्धा घेतो. त्याने तेव्हा जे मांडलं त्याची सुरुवात मृत्यूंच्या हिशेबाने होती. दर सात माणसांमागे एक या रोगाने मरतो, प्लेग-कॉलऱ्याची भीती वाटते तर याची किती वाटायला हवी. हे मी आता दर २४ मार्चला पोरांना सांगतो.

त्याच दिवशी हल्ली टीबीमुक्त पंचायतीचे सत्कार होतात. पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा गांधीजींचा पुतळा, दुसऱ्या वर्षी चंदेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी. गावाने टीबीकडे लक्ष द्यावं म्हणून ही कल्पना मला आवडते. अटींमध्ये एक अट आहे की हजार लोकसंख्येमागे वर्षात एकापेक्षा जास्त रुग्ण नको. एका गावच्या सरपंचांनी डिसेंबरमध्ये मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तो एक पेशंट जानेवारीत दाखवता येईल का?" वाईट हेतू नव्हता त्यांचा. गावाला मान मिळावा एवढंच. पण जानेवारीत दाखवायचं म्हणजे तीन आठवडे गोळ्या उशिरा, आणि पहिल्या दोन महिन्यांत काय होतं ते मी वर लिहिलंय. मी त्यांना लाल पानं दाखवली. त्यांनी ती बराच वेळ वाचली, कारण त्यांच्या ओळखीचं एक नाव होतं. पुन्हा विषय काढला नाही.

खरं म्हणजे चौदाशे वस्तीच्या गावात एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवूच नये. या वर्षी शून्य, पुढच्या वर्षी तीन. लाखामागे काढलं तर शून्यावरून थेट २१४! गावात साथ आली असं नाही, तीन माणसं सापडली एवढंच. मी पाच वर्षांच्या ओळी एकत्र करून बघतो, तेही गावाचे नाही तर वस्तीवार. मग दिसतं, की दर वर्षी सुटी सुटी वाटणारी नावं एकाच आळीतली आहेत, एकाच खाणीवर कामाला जाणाऱ्यांची आहेत. टीबीमुक्त पंचायतीच्या दुसऱ्या अटीला मात्र मी फार मानतो, हजार लोकांमागे वर्षाला किमान ३० तपासण्या. ज्या गावाने तीस जणांचे बेडके तपासले आणि काही निघालं नाही, त्याच्या शून्याला मी मान देतो. न तपासता आलेल्या शून्याला नाही.

त्या बाईंची गोष्ट राहिली. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला हवा होता. मृत्यू जिथे झाला तिथेच नोंदवायचा असतो, आणि तिकडे नोंदच नव्हती. टोळीने नदीकाठी अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी परत फडावर गेले. एकवीस दिवस झाले की विलंब शुल्क, तीस दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वर्ष व्हायच्या आत करायचं म्हणून मी मुकादमाच्या मागे लागलो. त्यांनी साक्ष दिली, दोनदा तिकडे जाऊन आले, भाड्याचे पैसे घेतले नाहीत. पोर्टलवरचा आउटकम बदलायला जिल्ह्याला अर्ज केला. लॉस्टचं मयत झालं.

दाखला आला तो घेऊन मी वस्तीवर गेलो. बाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "ह्याच्यात काय लिवलंय, कशानं गेले ते?"

दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत. तसं सांगितलं. मग म्हटलं, माझ्या वहीत आहे.

"वाचा की."

डिकीतून वही आणली. लाल पानं उघडली आणि नाव, वय, वजन, कितवा दिवस, कुठे, सगळं वाचून दाखवलं. बुधवार, ९ नोव्हेंबर, सकाळी, असं लिहिलेलं होतं.

त्या म्हणाल्या, "सकाळी न्हाय सायेब. पहाटं. गाडी जुपायच्या आधी."

मी 'सकाळी' खोडून त्याच्यावर 'पहाटे' लिहिलं.